आमच्या रक्ताचं काय निघालं?

साथरोग सर्वेक्षणाच्या कामात माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. आधी जळगाव जामोद आणि संग्रामपूर भागातल्या उपकेंद्रांवर आरोग्य सेवक म्हणून, मग खामगाव-शेगावकडे आरोग्य सहायक म्हणून आणि शेवटची काही वर्षं बुलढाण्याला, जिल्हा पातळीवर. या काळात एक गोष्ट मला पुनःपुन्हा दिसली. साथ आली तेव्हा माहितीच नव्हती, असं फार कमी वेळा घडलं. माहिती होती. थोडी आमच्याकडे होती, थोडी पाणीपुरवठ्याकडे, थोडी खाजगी दवाखान्यात, थोडी शेजारच्या जिल्ह्यात. ती एका जागी यायला जो वेळ लागायचा, त्या वेळात माणसं आजारी पडत राहायची. यावर कधीतरी लिहावं असं निवृत्तीनंतर मनात होतं. शेगाव तालुक्यातल्या केसगळतीने ते पुढे ढकलणं अशक्य केलं.

उपकेंद्रावरचं आमचं रोजचं काम म्हणजे घरोघर जाऊन तापाचा रुग्ण शोधायचा आणि हिवतापासाठी रक्त घ्यायचं. बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर एका बाजूला जाड ठिपका घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या काचेने ओढून पातळ थर करायचा. तो वाळला की त्या थरावरच शिसपेन्सिलीने नंबर लिहायचा. शाईचा आकडा रंग देताना धुऊन जातो, पेन्सिलीचा टिकतो. सातपुड्याच्या कुशीतल्या भिंगाऱ्यासारख्या आदिवासी गावांतून काचपट्ट्या कागदात गुंडाळून आम्ही त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवत असू. पट्टी दूषित निघाली की नाव परत यायचं आणि आम्ही गोळ्या घेऊन त्याच घरी जायचो. निर्दोष निघालेल्यांना मात्र कुणीच काही सांगायचं नाही. तशी पद्धतच नव्हती.

एका पाड्यावर एका आजीने मला अडवून विचारलं, "मांगच्या बुधवारी रगत नेलं ना भाऊ, मंग काय निंगालं?" काही निघालं नाही, असं मी म्हणालो. "मंग सांगाले काय झालं होतं? मी आठ दिवस भेवातच होती." तेव्हापासून मी निर्दोष पट्ट्यांचे निकालही घरी जाऊन सांगायला लागलो. थोड्याच महिन्यांत त्या पाड्यावर फरक दिसला. ताप आला की माणसं स्वतः निरोप धाडू लागली. आधी मला पाहून दार लोटून घेणारी घरंही बोट पुढे करू लागली. मोठमोठ्या प्रशिक्षणांत जे कुणी शिकवलं नाही, ते तिथे कळलं. ज्याच्याकडून माहिती घेतली त्याला ती परत दिली, की पुढची माहिती न मागता मिळते.

वऱ्हाडात गावाची माहिती सरकारदरबारी कळवणं काही नवं नाही. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदी इंग्रजी अमलापासून होत असत. नोव्हेंबर २००४ मध्ये केंद्राचा एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि पहिल्याच टप्प्यात महाराष्ट्र त्यात आला. एस, पी आणि एल असे तीन नमुने आमच्या हाती पडले. लक्षणांवरून संशय आलेले रुग्ण आरोग्य सेवकाने पहिल्यात लिहायचे, डॉक्टरने तपासून ठरवलेले दुसऱ्यात, प्रयोगशाळेने सिद्ध केलेले तिसऱ्यात. सोमवार ते रविवारचा आठवडा धरायचा, मग आकडे जिल्ह्याला, तिथून पुण्याला, तिथून दिल्लीला. एप्रिल २०२१ मध्ये याच कामासाठी नवं संगणकीय व्यासपीठ देशभर आलं आणि उपकेंद्रातली सिस्टर मोबाईलवरून त्याच दिवशी माहिती भरू लागली. वेग वाढला, हे मी मनापासून मान्य करतो. पण माहितीची वाट खालून वरच राहिली. संग्रामपूरच्या सिस्टरने भरलेला आकडा दिल्लीत दिसतो. शेजारच्याच तेल्हारा तालुक्यात तोच ताप वाढतोय का, हे मात्र तिला तिथल्या सिस्टरला फोन केल्याशिवाय कळत नाही, कारण तेल्हारा अकोला जिल्ह्यात येतं.

जिल्ह्याच्या सीमांनी आम्हाला फार छळलं. घाटाखालचे, म्हणजे खामगाव-शेगावकडचे रुग्ण अकोल्याला जातात, मलकापूरचे खान्देशात जळगावला जातात, मध्य प्रदेशच्या सीमेवरचे बऱ्हाणपूरला. खाजगी दवाखान्यात डेंग्यू निघाला की कळवणाऱ्याने कळवलं तरी ते त्या जिल्ह्याला, आम्हाला नाही. चिठ्ठीवर नुसतं 'जळगाव' लिहिलेलं असेल तर आणखी पंचाईत. आमचं जळगाव जामोद की खान्देशातलं जळगाव? पिंपळगाव असेल तर पिंपळगाव राजा खामगाव तालुक्यात, पिंपळगाव काळे जळगाव जामोद तालुक्यात आणि पिंपळगाव सराई बुलढाणा तालुक्यात. एकदा एका मुलाचा डेंग्यूचा अहवाल असाच भलत्या तालुक्यात फिरून आला. शिवाय दवाखान्यात पत्ता लिहिला होता शहरातल्या मामाचा. मामाच्या गल्लीत धूर फवारणी झाली. मुलाच्या स्वतःच्या गावी रांजणात आणि टाक्यांत अळ्या तशाच राहिल्या. एडिस डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. आम्ही त्या गावात कंटेनर तपासायला पोचलो तोवर त्याच आळीत आणखी पोरं तापाने फणफणली होती.

यावर उपाय सापडला तो साधा होता. अकोला, जळगाव आणि बऱ्हाणपूरच्या सर्वेक्षण कक्षांत माझ्यासारखंच काम करणारी माणसं शोधली, त्यांचे नंबर घेतले आणि त्यांना आमच्या गावांची तालुका आणि आरोग्य केंद्रासह यादी दिली. सारख्या नावाच्या गावांखाली लाल रेघ मारून दिली. मग फोन यायला लागले, "भाऊ, तुमच्याकडचा एक पेशंट आलाय." पत्राला आठवडा लागायचा, तिथे तासाभरात काम होऊ लागलं. पण ही वाट ओळखीवर चालते. माणूस बदलून गेला की नवा माणूस अनोळखी आणि घडी पुन्हा पहिल्यापासून बसवायची. जी गोष्ट कार्यालयाच्या नावावर हवी ती कुणा एकाच्या मोबाईलमध्ये असते, हे आजही मला खुपतं.

पाण्याची गोष्ट तर प्रत्येक पावसाळ्यात. गॅस्ट्रोची साथ लागली की आम्ही गावात पोचायचो, वैद्यकीय पथक बसायचं, सलाईन लागायची. सोबत क्लोरीन तपासायचं किट असायचं. नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि हलवायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, पांढरंच राहिलं तर नाही. साथ लागलेल्या गावात ते बहुधा पांढरंच राहायचं. एका गावी माझ्या पिशवीत त्याच विहिरीचा प्रयोगशाळेचा जुना अहवाल होता, 'पिण्यास अयोग्य'. तो आरोग्य केंद्रात आला होता, पंचायत समितीला गेला होता, ग्रामपंचायतीच्या आवक वहीत नोंदलाही गेला होता. पण रोज पहाटे व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणाऱ्या माणसाला तो कुणी वाचून दाखवला नव्हता. ब्लिचिंग पावडरचं पोतं त्याच्याच खोलीत होतं, ओल लागून त्याचा दगड झालेला. मी त्याला अहवाल वाचून दाखवला तर तो म्हणाला, "साहेब, हे मले माहीत असतं तर मी पोतं मागितलं नसतं का?" जलस्रोतांच्या पाहणीनंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड द्यायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती चांगली आहे. पण ते कार्ड सरपंचाच्या खुर्चीमागे लटकतं. त्यानंतर माझ्या भागात अहवालाची एक प्रत पाणी सोडणाऱ्याच्या हातात द्यायची आणि त्याची सही घ्यायची, असं आम्ही ठरवून घेतलं. नियमात ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

इथवर माझं मत असं होतं, की माहिती जेवढी वाटाल तेवढी चांगली. २०२० साली मला त्यावर नव्याने विचार करावा लागला.

१३ मार्च २०२० ला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. मुंबईतल्या प्लेगमुळे झालेला हा कायदा अगदी छोटा आहे. सरकारला अधिकार काय, हे तो सांगतो. कोणत्या खात्याने कोणती माहिती कुणाला द्यायची आणि कुणाला द्यायची नाही, याबद्दल त्यात काही नाही. मार्चअखेर आमच्या जिल्ह्यात कोरोनाचा पहिला मृत्यू झाला आणि रुग्ण बाधित असल्याचा अहवाल मृत्यूनंतर हाती आला. तेव्हा नमुने नागपूरला जायचे, पुढे अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी होऊ लागली. अहवालाची वाट पाहणारे खूप होते. आम्ही होतो, पोलीस होते, महसूल, नगरपालिका, सगळेच. संध्याकाळी यादी आली की प्रत्येकाला ती हवी असे, आणि ती जशीच्या तशी सगळ्यांना जायची. नाव, वय, गल्ली, मोबाईल नंबर.

एके रात्री अशी एक यादी एका गावाच्या व्हॉट्सअॅपवर फिरली. आमची गाडी त्या घरी पोचायच्या आत सगळ्या गावाला नाव माहीत झालं होतं. दूधवाल्याने दूध बंद केलं, दुकानदाराने किराणा द्यायला नकार दिला. घरातली म्हातारी बाई अंगणात उभी राहून रडत होती आणि रस्त्यावरची माणसं मोबाईलवर तिचं चित्रण करत होती. त्यानंतर त्या भागात लोकांनी ताप लपवायला सुरुवात केली. आशाताई दारात आल्या की "आमच्याकडं सगळे बरे हायेत" एवढं एकच उत्तर मिळायचं. सातपुड्यातल्या पाड्यावर जे वर्षानुवर्षं जमवलं होतं, ते इथे एका रात्रीत मोडलेलं पाहिलं.

मग आम्ही कामाप्रमाणे यादी तोडायला लागलो. संपर्कातली माणसं शोधणाऱ्या पथकाला नाव आणि नंबर दिला. पोलिसांना बंद करायच्या रस्त्यांची हद्द. ग्रामपंचायतीला प्रभाग आणि घरांची संख्या, म्हणजे फवारणी आणि धान्य पोचवणं जमेल. सगळ्यांना सगळं हवंच असतं. "आम्ही काय परके आहोत?" असं ऐकून घ्यावं लागलं. पण ज्याला ज्या कामासाठी जे लागतं तेवढं, आणि ते मात्र विनाविलंब, असा नियम धरला की ओरड कमी होत गेली. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा धडा मला तिथे मिळाला.

ऑगस्ट २०२२ मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात गुरांचा लम्पी रोग दिसला आणि थोड्याच दिवसांत आमच्या गोठ्यांत पोचला. बैल गेले, गाई गेल्या, बाजार बंद झाले. हा रोग माणसाला होत नाही, हे पशुसंवर्धन खात्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आशाताईंना मात्र बाया विचारत होत्या, "पोराले दूध देऊ का नको?" आणि त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. पशुधन विकास अधिकाऱ्यांशी एकदा बोलून आम्ही सगळ्या आशांना एकाच मजकुराचा निरोप धाडला. एवढ्याने लेकरांचं दूध पुन्हा सुरू झालं. दोन खात्यांत एका फोनचं अंतर होतं आणि तो फोन कुणी करायचा हे ठरलेलं नव्हतं.

मी निवृत्त झालो आणि डिसेंबर २०२४ मध्ये शेगाव तालुक्यात केसगळती सुरू झाली. बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा, भोनगाव. डोक्याला खाज सुटायची, केस राठ व्हायचे, मग हात लावला की झुपके हातात यायचे आणि आठवड्याभरात डोकं मोकळं. ओळखीच्या आशाताईंनी बोलावलं म्हणून मी गेलो. एका घरात आईने पॉलिथिनच्या पिशवीत मुलीचे गळलेले केस जपून ठेवले होते, येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दाखवायला. मुलगी ओढणी डोक्यावर घट्ट धरून आतल्या खोलीत बसलेली. तिची सोयरीक जमत आली होती. पाहुण्यांनी येणं थांबवलं होतं. टीव्हीवाले 'टक्कल व्हायरस' म्हणत होते, आणि व्हायरस म्हटल्यावर शेजारच्या गावची माणसंही या गावात पाय ठेवायला घाबरू लागली.

घाटाखाली काहीही झालं की पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो जाणं स्वाभाविक आहे. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्यात चहा फुटतो, भांड्यांवर पांढरे डाग पडतात. पाणी तपासलं तर क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. मग साबण, तेल, शाम्पू यांच्यावर बोट गेलं. बुरशी असेल म्हणून मलमं दिली गेली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची आणि एम्सची पथकं आली, रक्त, लघवी, केस आणि पाण्याचे नमुने घेऊन गेली. माझ्या मनात एकच प्रश्न घोळत होता. हे खारं पाणी लोक पिढ्यान्‌पिढ्या पीत आले. मग केस नेमके याच डिसेंबरात का गेले? नवं काय आलं गावात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपलं निदान मांडलं. विंचूदंशावरच्या कामाने ते साऱ्या जगाला माहीत आहेत. त्यांनी स्वतः या गावांत येऊन रुग्णांचं रक्त, लघवी, केस आणि त्यासोबत एका सरपंचाच्या घरचा रेशनचा गहू खाजगी प्रयोगशाळेत तपासून घेतला. त्यांच्या नोंदीप्रमाणे ३ डिसेंबर ते २० जानेवारी या काळात १८ गावांत २७९ लोकांचे केस गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नेहमीपेक्षा ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट निघालं आणि जस्त उतरलेलं होतं. गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं आणि धुतल्यावरही १३.६१, म्हणजे ते वरून बसलेलं नव्हतं, दाण्यातच होतं. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला, असं त्यांनी सांगितलं.

मला त्यांच्या आकड्यांपेक्षाही त्यांच्या कामाची रीत महत्त्वाची वाटते. एका माणसाने शरीरातलं आणि ताटातलं एकाच टेबलावर आणलं. सरकारी रचनेत रक्त आरोग्य खात्याकडे, पाणी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठ्याकडे, गहू पुरवठा खात्याकडे. कोणत्या गावाला कोणत्या महिन्यात कुठला गहू गेला हे गोदामाच्या नोंदीत असतं, रेशन दुकानातल्या मशिनवर कार्डागणिक तारीख असते. केस कोणत्या तारखेला गळायला लागले हे आशाच्या वहीत असतं. या दोन तारखा शेजारी ठेवायला ना रक्त लागतं, ना प्रयोगशाळा. लागतात दोन कारकून आणि एक दुपार.

पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी नवांशहर आणि होशियारपूर भागात सेलेनियमचं प्रमाण भरमसाट असलेल्या जमिनी आहेत, हे लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अनेक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शीत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला केस आणि नखं गळण्याची अशीच साथ आली होती. तिचं कारण सेलेनियम असल्याचा सविस्तर शोधनिबंध १९८३ मध्ये छापून आला. म्हणजे ज्ञान होतं, पुस्तकात होतं, देशातही होतं. उत्तरेचा गहू रेल्वेने विदर्भात येतो, त्या जमिनींची माहिती त्याच्याबरोबर येत नाही. आपल्याकडे धान्याची प्रत पाहताना ओलावा, कचरा, तुटका दाणा बघतात. दाण्यात मातीतलं काय उतरलंय हे पाहायची रोजच्या कामात रीत नाही.

त्या मुलीचे केस हळूहळू परत आले. आधी लव, मग राठ खुंट. पण तिच्या आईचा प्रश्न मी ऐकत राहिलो. "आमचं रगत तीनदा नेलं. पेपरात वाचून कळलं आमाले का गव्हात काही हाये म्हणून. आमच्या पोरीच्या रगतात किती निंगालं, हे कोणी सांगाले तयार नाई." मी जुन्या ओळखीने विचारून पाहिलं. एकीकडे म्हणाले नमुने आम्ही फक्त पाठवले, दुसरीकडे म्हणाले अहवाल वरूनच येईल. यात कुणाचा आकस होता असं मला वाटत नाही. निकाल रुग्णाकडे पोचवणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. मधल्या काळात त्या घराने रेशनचा गहू खाणं सोडलं. ज्वारी महाग पडत होती तरी विकत घेतली. तो निर्णय त्यांनी वर्तमानपत्राच्या भरवशावर घेतला, आणि जवळच्याच दुसऱ्या घराने तोच गहू खाणं चालू ठेवलं, कारण त्यांच्याकडे पेपर येत नव्हता.

एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागात काहींची नखं ठिसूळ होऊन गळू लागली. पुन्हा पथकं, पुन्हा नमुने.

माझं म्हणणं मी तालुक्याच्या एका बैठकीत मांडलं आणि इथेही मांडतो. नमुना घेताना प्रत्येकाला त्याच दिवशी एक मराठी पावती द्यावी. नमुना कशाचा, कुठे जाणार, निकाल कुणाकडे आणि कधीपर्यंत मिळेल, एवढं त्यावर असावं. काही निघालं नाही तर तसंही लेखी कळवावं. ग्रामपंचायतीच्या फलकावर गावाचे आकडे लावावेत, नावं लावू नयेत. आणि दर महिन्याला तालुक्यात आरोग्य, पाणीपुरवठा, पुरवठा आणि पशुसंवर्धन या चौघांनी आपापली वही घेऊन तासभर एकत्र बसावं. ही बैठक तहसीलदारांनी बोलवावी, कारण पुरवठा निरीक्षक आणि शासकीय गोदाम त्यांच्या अखत्यारीत येतं. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने बोलावलं तर गोदामपालाने यायलाच हवं असं काही नाही. तहसीलदारांनी बोलावलं तर तो रजिस्टर घेऊन येतो, हे मी शेगावातच पाहिलं आहे.